व्हिडिओ गेमचे प्रकार

कादंबरीचे प्रकार आपण बहुधा विषयावरून पाडतो : सामाजिक, ऐतिहासिक, पौराणिक, ग्रामीण. व्हिडिओ गेमला ही फूटपट्टी लागू पडत नाही. खेळणाऱ्याला काय करावे लागते, यावर तेथे प्रकार ठरतो.

सर्वांत परिचित प्रकार हातचलाखीचा. १९७८ साली जपानमध्ये निघालेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये वरून उतरणाऱ्या परग्रहवासीयांच्या रांगा टिपायच्या असतात. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये उड्या मारत, शिड्या चढत वर जायचे असते. येथे कसोटी लागते ती नजरेची आणि बोटांची.

दुसरा प्रकार साहसाचा. विल क्राउदर यांनी १९७६ च्या सुमारास रचलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये एकही चित्र नव्हते. गुहेचे वर्णन वाचायचे आणि पुढे काय करायचे ते शब्दांत टंकायचे! साहित्याच्या विद्यार्थ्याला हा खेळ जवळचा वाटावा.

तिसरा प्रकार कोड्यांचा. मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली तयार केलेल्या ‘टेट्रिस’मध्ये ना कथा, ना पात्रे, वरून पडणारे सात आकार नीट बसवायचे, एवढेच. भूमिका-खेळांत एखादे पात्र आपले मानून हळूहळू घडवायचे असते. त्यांचे मूळ कागद आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळात आहे. ‘सिमसिटी’ (१९८९) मध्ये शहर वसवायचे असते. त्यात अंतिम विजय असा नाहीच.

आता एकच विषय घेऊ : युद्ध. ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) हा डावपेचांचा खेळ. त्यात आपण लाकूड, अन्न, सोने जमवून सैन्य उभे करतो. एक सैनिक पडला तर संख्या एकाने घटते, इतकेच. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ (२००३) मध्ये दुसरे महायुद्ध आपण सैनिकाच्या डोळ्यांनी पाहतो. पोलंडमध्ये तयार झालेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) मध्ये मात्र आपण वेढा पडलेल्या शहरातले सामान्य नागरिक असतो. रात्री अन्न आणि औषधे शोधायला बाहेर पडायचे. दुसऱ्याच्या घरातले उचलायचे की नाही, हे आपणच ठरवायचे. विषय तोच, पण प्रकार बदलताच मरणाचा अर्थ बदलतो.

म्हणूनच ‘सगळे मारामारीचे खेळ’ हा सरसकट शिक्का मला अन्यायाचा वाटतो. आणि ‘हा नुसता खेळ आहे’ हा बचावही तितकाच पोकळ वाटतो. खेळ आपल्याला कोणाच्या जागी उभे करतो, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरवता येणार नाही.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने तयार केलेला ‘राजी’ हा साहसखेळ २०२० साली प्रकाशित झाला. देव-दानवांच्या युद्धात हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी ही त्याची नायिका. पुराणकथेत अशा मुलीला क्वचितच मध्यवर्ती जागा मिळाली असती. आपल्या कथा अशा पडद्यावर येत राहतील. त्यांत खेळणाऱ्याला सेनापती करायचे, सैनिक करायचे की बहीण, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी स्वस्थ बसावे काय?