शून्य म्हणजे स्थान नव्हे

हजेरीपटांतील नांव शोधतांना आपण पानावरून बोट फिरवितों. संगणक मात्र एकेक चिन्ह मोजीत जातो. ही मोजणी कशी चालते व ती कोठें फसविते, हें समजून घेण्याजोगें आहे.

डेटाबेस म्हणजे माहितीचा व्यवस्थित मांडलेला संग्रह. तो परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याचें शास्त्र १९७० सालीं एडगर कॉड यांनीं सांगितलें. आणि १९७४ सालीं डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तिचेंच वाढलेलें रूप एस्क्यूएल होय. मजकुरांत अमुक चिन्ह कितव्या स्थानीं आहे, हें विचारण्यास तिच्यांत 'पोझिशन' नांवाची क्रिया आहे. एस्क्यूएल सर्व्हर या प्रणालींत तिच्याऐवजीं 'चारइंडेक्स' असते. मोजणी एकापासून होते. शोधलेलें न सांपडल्यास उत्तर शून्य येतें.

समजा, 'सुमन जोशी' या नोंदींतून पहिलें नांव वेगळें काढावयाचें आहे. प्रथम दोन शब्दांमधील मोकळी जागा शोधावी व तिच्या अलीकडील सर्व घ्यावें. आपण म्हणूं, ती जागा चौथी. संगणक सांगेल, पांचवी. कारण 'सु' हें आपणांस एक अक्षर, परंतु संगणकास 'स' आणि उकार अशीं दोन चिन्हें. पांचांतून एक वजा करून डावीकडील चार चिन्हें मागितलीं, कीं 'सुमन' हें नांव बिनचूक हातीं येतें.

परंतु कित्येक जण आडनांव लावीत नाहींत. नोंद नुसती 'सुमन' अशीच असेल, तर मोकळी जागा नाहीं. म्हणून उत्तर शून्य. त्यांतून एक वजा केला, म्हणजे उणें एक! उणें एक चिन्ह मागितलें असतां एस्क्यूएल सर्व्हर चूक दाखवून थांबतो. पोस्टग्रेस ही प्रणाली मात्र त्याचा अर्थ 'शेवटचें एक चिन्ह सोडून बाकीचें' असा घेते आणि मुकाट्यानें 'सुम' असें उत्तर देते. कोणास संशय येत नाहीं, आणि तेंच तुटकें नांव उद्यां प्रमाणपत्रावर छापलें जातें.

उपाय सोपा आहे. वजाबाकी करण्यापूर्वीं उत्तर शून्य आहे काय, हें पाहावें. असल्यास संपूर्ण नोंद जशीच्या तशी ठेवावी. शून्य हा 'सांपडलें नाहीं' असा यंत्राचा निरोप आहे. तो न वाचतां हिशेब पुढें चालविला, तर दुसऱ्याच्या नांवाला कात्री लागते.