मेलेले मेंढरू का फाडू नये?

लोणंदला शेळ्यामेंढ्यांचा मोठा बाजार भरतो. काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेले जनावर फाडू नये, सोलू नये, हा नियम मेंढपाळांच्या मुलांना आपण सांगतो. त्याचे कारण जीवाणूच्या जनुकांपर्यंत जाते.

जिवंत जनावराच्या रक्तात अन्न भरपूर असते. तिथे हे जीवाणू नुसते वाढतात. मृतदेह बंद राहिला, तर कुजताना त्यांतले बहुतेक मरतात. पण रक्त सांडले, हवा लागली, अन्न संपले, की ‘स्पो-झिरो-ए’ या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जातो आणि एरवी गप्प असलेली जनुके कामाला लागतात. पेशीच्या एका टोकाजवळ पडदा तयार होतो. दोन्ही कप्प्यांत जनुके तीच, पण लहान कप्प्यात ‘सिग्मा-एफ’ आणि मोठ्यात ‘सिग्मा-ई’ हे प्रथिन कोणती वाचायची ते ठरवते. एकच पुस्तक, दोन वर्गांत वेगळे धडे! मोठा कप्पा लहानाभोवती कवच चढवतो आणि स्वतः फुटून मरतो. उरतो बीजाणू.

तो किती चिवट? स्कॉटलंडच्या ग्रुनार्ड बेटावर १९४२ मध्ये या बीजाणूंच्या युद्धचाचण्या झाल्या. फॉर्मॅल्डिहाइड वापरून माती निर्जंतुक केल्यावर, १९९० मध्ये ते बेट सुरक्षित जाहीर झाले. लोणंदच्या माळावर मेंढरू फाडले, तर बीजाणू त्याच चराऊ मातीत पडतील.