ऐकण्याजोग्या कादंबऱ्या : काही कानाशी, काही दिवाणखान्यात

चातुर्मासात चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात आणि संध्याकाळ एकदम मोठी होते. प्रतिक्रमण आटोपल्यावरही झोपेपर्यंत तास-दीड तास हाती उरतो. पूर्वी हा वेळ ओट्यावरच्या गप्पांत किंवा वाचनालयातून आणलेल्या कादंबरीत जात असे. आता तो बहुधा मोबाईलच्या पडद्यावर जातो, आणि तोही प्रत्येकाच्या वेगवेगळ्या. ज्येष्ठांना मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही. दुकान सांभाळणाऱ्या तरुण पिढीला पुस्तक उघडून बसण्याइतकी सवड मिळत नाही. अशा घरांसाठी श्राव्यपुस्तक, म्हणजे कुणी आरंभापासून शेवटपर्यंत वाचून ध्वनिमुद्रित केलेले पुस्तक, ही मोठीच सोय आहे.

ऐकण्याची परंपरा जैन समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको. ‘श्रुत’ या शब्दाचा अर्थच ‘ऐकलेले’. वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले ते महावीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी, दुसऱ्या गणनेनुसार ९९३ वर्षांनी. तोवर ते गुरुमुखातून शिष्याच्या कानी जात राहिले. दिगंबर परंपरेतही आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांनी षट्खंडागम ग्रंथबद्ध केला, त्याची स्मृती श्रुतपंचमीला आजही जागवली जाते. कथेच्या बाबतीतही तेच. आयंबिलच्या ओळीत श्रीपाल राजाचा रास नऊ दिवस बसून ऐकणारी कुटुंबे आजही आहेत. करमणुकीच्या कादंबरीची बरोबरी या श्रवणाशी करण्याचा प्रश्नच नाही, आणि सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे तिला देऊही नयेत. पण नऊ दिवस एक कथा ऐकू शकणाऱ्या कानांना दहा तासांची कादंबरी जड जाऊ नये.

दहा तास हा आकडा हिशेबाचा आहे. मिनिटाला सुमारे दीडशे शब्द या गतीने वाचणारा तासाभरात नऊ हजार शब्द वाचतो. म्हणजे नव्वद हजार शब्दांच्या कादंबरीला दहा तास लागतात. रोज पाऊण तास दिला तर ती दोन आठवड्यांत संपते. वेग वाढवण्याची सोय प्रत्येक ॲपमध्ये असते. बाजारभावाच्या बातम्या दीडपट वेगाने ऐकण्यास हरकत नाही. कथा मात्र मूळ वेगानेच ऐकावी, कारण चांगला वाचक जेथे थांबतो तेथे लेखकाचे अर्धे म्हणणे असते.

हा प्रकार दिसतो तितका नवा नाही. इंग्लंडमध्ये अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची सेवा १९३५ मध्ये सुरू झाली. तिच्या आरंभीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी होती. ती तबकड्यांवर होती आणि तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम पंचवीस मिनिटांचा मजकूर मावत असे. मराठी घरांनी पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या ध्वनिफिती घासून जाईपर्यंत ऐकल्या, त्याही याच कुळातल्या. बदलले ते इतकेच की ध्वनिफीत सर्वांसमोर वाजत असे आणि श्राव्यपुस्तक बहुधा दोन कानांतच वाजते. म्हणून पुस्तक निवडताना आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : हे एकट्याने ऐकायचे की घरच्यांसोबत?

घरच्यांसोबत ऐकण्याजोगे पहिले नाव विवेक शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’चे. मूळ कन्नड कथा २०१३ मधील. श्रीनाथ पेरूर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद श्राव्यरूपात मिळतो. कादंबरी अगदी छोटी आहे, तीन-चार संध्याकाळी पुरे होतात. कथा बंगळुरूमधील एका कुटुंबाची. वडील चहाच्या कंपनीचे विक्रेते; दिवसभराचा हिशेब संध्याकाळी जुळला नाही तर सारे घर अस्वस्थ होई. त्यांची नोकरी संपते, हाती आलेली रक्कम धाकट्या भावाच्या मसाल्याच्या धंद्यात गुंतते आणि ‘सोना मसाला’ भरभराटीस येतो. मुंग्यांनी भरलेल्या जुन्या घरातून कुटुंब प्रशस्त घरात जाते. मिळवता काका हा घराचा केंद्रबिंदू होतो; त्याला चहा कधी हवा, त्याच्या मनाविरुद्ध काय बोलायचे नाही, हे सर्वांना न सांगता कळते. कथा सांगणारा पुतण्या कागदोपत्री संचालक आहे. त्याच्या खात्यात दरमहा पगार जमा होतो आणि तो कॉफी हाऊसमध्ये बसून असतो. एके दिवशी काकाला शोधत एक अनोळखी स्त्री घरचे पदार्थ घेऊन दाराशी येते आणि घरातल्या बायका तिला ज्या भाषेत हाकलून देतात, ते ऐकताना श्रोता अवघडून जातो. या सुखवस्तू घरात मध्यमवर्गीय, स्वाभिमानी घरातली अनिता सून होऊन येते आणि जे कुणी विचारत नाही ते विचारू लागते.

व्यापारी कुटुंबांना यातील काहीही परके वाटणार नाही. एक मिळवता, बाकीचे भागीदार. धंद्यात नाव असलेला पण काम नसलेला मुलगा. पैशाबद्दल कधीच न बोलणारे आणि सदैव त्याचाच विचार करणारे घर. पुस्तक वाचताना अशी पाने भराभर उलटता येतात. दिवाणखान्यात मात्र सासरे, मुलगा आणि सून एकच वाक्य एकाच क्षणी ऐकतात. पान उलटण्याची सोय कुणालाच नसते. पुढे त्यावर कुणी काही बोलो वा न बोलो, ते वाक्य खोलीत राहते. शेवट लेखकाने उघडा ठेवला आहे आणि तो काळजात धस्स करणारा आहे. म्हणून लहान मुलांना ही कथा नको. प्रौढांनी मात्र आवर्जून एकत्र ऐकावी.

दुसरी कादंबरी पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’. २०२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेचा नॅशनल बुक पुरस्कार आणि पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले. मार्क ट्वेन यांच्या हकलबेरी फिनच्या गोष्टीतील गुलाम जिम येथे स्वतः कथा सांगतो. यातील गुलाम आपापसांत शुद्ध, डौलदार भाषा बोलतात; गोरा मालक दिसला की मुद्दाम मोडकीतोडकी बोली तोंडावर चढवतात. आरंभीच जेम्स मुलांना ही खोटी बोली शिकवतो, कारण गुलामाला आपल्याइतके चांगले बोलता येते हे मालकाला कळले तर जीवावर बेतेल. छापील पानावर हा फरक स्पेलिंगवरून कळतो. डॉमिनिक हॉफमन यांच्या वाचनात तो एका श्वासात बदलतो आणि त्या बदलातली भीती ऐकू येते.

बाजारात एक भाषा आणि घरात दुसरी, हे व्यापाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले. गल्ल्यावर मराठी, जेवताना गुजराती किंवा मारवाडी, दलालाशी बोलताना भलतेच काही, आणि रुमालाखाली बोटांनी ठरणारा भाव तर निःशब्दच. उद्योतनसूरींनी जालोर येथे इ. स. ७७९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत कथेतही देशोदेशीच्या व्यापाऱ्यांच्या बोली टिपल्या आहेत; तीतील मरहट्ट व्यापाऱ्याच्या तोंडचे शब्द मराठीच्या जुन्या नमुन्यांत गणले जातात. ते भाषांतर व्यवहारासाठी होते, जेम्सचे प्राण वाचवण्यासाठी आहे. हा फरक ध्यानात घेऊन ‘जेम्स’ ऐकावी. महाविद्यालयात जाणारी मुलेमुली ती एकट्यानेही आवडीने ऐकतील. क्रौर्याचे काही प्रसंग असल्याने त्याहून लहानांसाठी थांबणे बरे.

अब्राहम वर्गीस यांची ‘द कव्हनंट ऑफ वॉटर’ (२०२३) मोठ्या संयमाची परीक्षा घेते; तिची लांबी एकतीस तासांहून अधिक आहे. १९०० साली त्रावणकोरमध्ये बारा वर्षांची मुलगी चाळीस वर्षांच्या विधुराच्या घरी नववधू म्हणून येते, आणि त्या घरात प्रत्येक पिढीत एक जण पाण्यात बुडून मरतो. कथा १९७७ पर्यंत चालते. लेखक स्वतः वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक, आणि वाचनही त्यांनी स्वतःच केले आहे. लेखकाने स्वतः वाचणे नेहमीच लाभदायक ठरत नाही. अनेक लेखक आपलेच लेखन पोस्टाची यादी वाचावी तसे वाचतात. वर्गीस अपवाद आहेत. केरळी नावे आणि उच्चार त्यांच्या तोंडी घरचेच वाटतात. आईने नातीसाठी लिहून ठेवलेल्या आठवणींतून ही कादंबरी उगवली, हे कळल्यावर त्या आवाजातला जिव्हाळा समजतो. शस्त्रक्रियांची वर्णने सविस्तर आहेत आणि किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरातील खाण्यापिण्याचे उल्लेखही येतात. ज्यांना ते खटकेल त्यांनी आधीच जाणून असावे. लांबच्या प्रवासाला हिच्यासारखी सोबत नाही.

चेतना मारू यांची ‘वेस्टर्न लेन’ मात्र इयरफोन लावून, एकट्यानेच ऐकावी. लेखिकेचा जन्म केनियातला, वास्तव्य लंडनमध्ये, आणि पूर्वीचा पेशा हिशेबनीसाचा. २०२३ मध्ये बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत ही छोटी कादंबरी होती. इंग्लंडमधील गुजराती घरात तीन बहिणींची आई जाते. वडील दुःख बोलून दाखवत नाहीत. ते मुलींना स्क्वॉशच्या सरावाला जुंपतात. धाकटी अकरा वर्षांची गोपी त्यात रमते. एडिंबरोचे निपुत्रिक काका-काकू तिघींपैकी एकीला आपल्याकडे ठेवून घेऊ पाहतात. भावाच्या घरी मूल देणे ही गोष्ट एकत्र कुटुंबांच्या इतिहासात अपरिचित नाही. पण त्या मुलाला तेव्हा काय वाटत असेल, हे फारसे कुणी नोंदवून ठेवलेले नाही. पुस्तकाचा आरंभच भिंतीवर आदळणाऱ्या चेंडूच्या आवाजाने आणि प्रतिध्वनीने होतो. बोलण्यापेक्षा न बोलणे जास्त असलेल्या या कथेला दिवाणखान्यातला पंखा आणि दाराची घंटा सोसणार नाहीत.

जॉर्ज सॉन्डर्स यांची ‘लिंकन इन द बार्डो’ हिची कीर्ती मोठी. २०१७ चे बुकर तिला मिळाले आणि तिच्या ध्वनिमुद्रणात १६६ जणांनी आवाज दिला. अध्यक्ष लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा १८६२ मध्ये वारला. त्याच्या थडग्याभोवती अडकून पडलेल्या मृतांची ही कथा. जैन दर्शनात विग्रहगती काही समयांतच पुरी होते, त्यामुळे जीवाचे असे ताटकळणे श्रोत्याला कल्पित म्हणूनच घ्यावे लागेल. खरी अडचण वेगळी आहे. इतक्या आवाजांत कोण बोलते आहे हे समजेनासे होते. पुस्तक समोर ठेवूनच ही ऐकावी, नाहीतर सोडून द्यावी.

वरील सर्व पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि अनेक घरांतील आजी-आजोबांना इंग्रजी उच्चार चटकन कळत नाहीत. त्यावर उपाय असा की नातवाने दिवसा भाग ऐकावा आणि संध्याकाळी आपल्या भाषेत सांगावा. मराठीतूनच ऐकायचे तर स्वीडनच्या स्टोरीटेल या कंपनीने २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठीचा संग्रह ठेवला आहे. छापील कादंबऱ्यांसोबत केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या भागशः कथाही त्यात आहेत. या कथांत रहस्य आणि भय यांचाच भरणा जास्त असतो. कौटुंबिक कथेची भूक त्यांनी भागत नाही.

खर्चाविषयी. ठरावीक मासिक शुल्कात हवे तितके ऐका, किंवा महिन्याला एक पुस्तक आपलेसे करा, अशा दोन मुख्य पद्धती आहेत. महिन्याला जेमतेम एक कादंबरी ऐकणाऱ्या घराला दुसरी परवडते, कारण घेतलेले पुस्तक वर्गणी थांबल्यावरही सहसा आपल्याकडे राहते. मोफत महिन्याच्या मोहात कार्डाची माहिती दिली की पुढील वर्गणी आपोआप वळती होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वजावटीची सूचना किमान चोवीस तास आधी ग्राहकाला मिळालीच पाहिजे, आणि पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या रकमेला दरवेळी पुन्हा ओटीपी लागत नाही. म्हणजे तो संदेश न वाचता पुसला तर पैसे गेले.

वर्गणी भरण्यापूर्वी बहुतेक पुस्तकांचा काही मिनिटांचा नमुना मोफत ऐकता येतो. त्यात कथा कळत नाही, आवाज मात्र कळतो, आणि जो आवाज पाच मिनिटांत कंटाळवाणा वाटला तो दहा तासांत सुधारत नाही. ‘घाचर घोचर’चा नमुना लावताना इयरफोन बाजूला ठेवावेत, सासूबाई स्वयंपाकघरात असतील तर त्यांनाही बाहेर बोलवावे.