अव्वांची सकाळची गोळी

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंनी आपल्या मनानेच गोळ्या बंद केल्या. त्यांना आम्ही अव्वा म्हणतो. संधिवातासाठी वर्षभराहून जास्त प्रेडनिसोलोन चालू होतं. सांधे मोकळे झाले, पण चेहरा गोल झाला, आणि शेजारणी सूज म्हणू लागल्या. "साक, इन्न ब्याड," म्हणत अव्वांनी डबी फडताळात ठेवून दिली. आम्हाला पत्ता लागला तो त्या अंथरुणातून उठेनात तेव्हा. उलट्या, चक्कर, रक्तदाब एकदम खाली. दवाखान्यात शिरेतून स्टिरॉइडच द्यावं लागलं, तेव्हा कुठे त्या सावरल्या.

मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल तयार करतात. बाहेरून आयतं मिळू लागलं की त्या सुस्तावतात. म्हणून तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतलेली गोळी एकदम तोडायची नाही, डॉक्टरांनीच ती हळूहळू उतरवायची. ताप किंवा ऑपरेशन असेल तर मात्रा उलट वाढवावी लागू शकते. गोळी उलटून पडत असेल तर सकाळपर्यंत वाट पाहू नये.

औषध वाईट नव्हे. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिलं, आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चं नोबेल त्यांना आणखी दोघांसह मिळालं. दुष्परिणामही फार काळ लपले नाहीत.

आता घरचं. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. उशिरा घेतली तर झोप उडते. लोणचं-पापड कमी. (अव्वांशी खरं भांडण यावरच.) साखर उपाशीपोटी ठीक दिसते आणि दुपारनंतर चढते, हे आम्हाला उशिरा कळलं. हाडं ठिसूळ होतात, म्हणून न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, रात्री दिवा ठेवतो. कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून. डोळे तपासून घ्यायचे, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींचा धोका असतो.

सगळ्यांत फसवा प्रकार संसर्गाचा. ताप फारसा चढत नाही, जखम लाल होत नाही, आणि आत बिघडत जातं. रोज पाय आणि तोंड पाहायचं, खोकला रेंगाळला तर दाखवायचं. नातवाला कांजिण्या आल्या की आजीला दूर ठेवून डॉक्टरांना लगेच कळवायचं. चिडचिड वाढली तर तीही बऱ्याचदा गोळीचीच असते. सुनांनी मनाला लावून घेऊ नये.

बाजारात सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला तर संशय घ्यावा.

चिठ्ठी इंग्रजीत, अव्वा वाचतात कन्नड, आमची मुलं मराठी. म्हणून एका कार्डावर दोन्ही लिपींत लिहिलं: औषधाचं नाव, मात्रा, आणि "एकदम बंद करू नये". दातांच्या डॉक्टरांकडेही ते दाखवतो. अव्वांनी ते पानाच्या चंचीत ठेवलंय, चुन्याच्या डबीशेजारी.