गळा पाहा, शिंजीर ओळखा
जास्वंदीवर वाकड्या चोचीचा, चिमणीहूनही लहान पक्षी आला की तो बहुधा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. आपल्याकडच्या बागांत दोन जाती नेहमीच्या: जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर. विणीच्या काळातले नर सोपे. पहिला सगळाच काळा-जांभळा, दुसऱ्याचं पोट पिवळं. खरा गोंधळ माद्यांचा. तिथे पाठ सोडून गळा पाहावा. गळ्यापासूनच पिवळी असेल तर ती जांभळ्या शिंजिराची मादी. गळा पांढुरका आणि त्याखाली छाती पिवळी असेल तर दुसरी. वीण सरल्यावर जांभळा नरही मादीसारखा पिवळट होतो, पण गळ्यापासून पोटापर्यंत गडद पट्टी राहते. ती दिसली तर तो नरच.