तापलेला लोहचुंबक

लोहचुंबक तापवून लाल केला कीं त्याचें चुंबकत्व नाहींसें होतें, हें शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. विजेच्या मोटारगाडींत बसविलेला प्रबल चुंबक मात्र लाल होण्याची वाट पाहात नाहीं. साधा वाण असेल तर पाण्यास उकळी फुटण्यापूर्वींच तो धोक्यांत येतो.

हा चुंबक निओडिमियम ही विरल-मृत्तिका धातु, लोखंड आणि बोरॉन यांचा असतो. जपानांत मासातो सागावा व अमेरिकेंत जॉन क्रोट यांनीं तो स्वतंत्रपणें सिद्ध करून १९८३ सालीं जगापुढें मांडला. त्यांतील अणूंचीं चुंबकीय तोंडें कवाइतीच्या शिपायांप्रमाणें एका दिशेस असतात. उष्णतेनें हे शिपाई चुळबुळूं लागतात, आणि सुमारें ३१० अंश सेंटिग्रेडला रांग पुरती मोडते. साध्या लोखंडाची हीच मर्यादा ७७० अंश आहे. प्रबल तो चिवट असेलच असें नाहीं.

परंतु खरा घात ३१० अंशांच्या पुष्कळ अलीकडे होतो. उष्णमान एक अंशानें वाढलें कीं चुंबकाचें बळ शेंकडा सुमारें ०.१२ नें घटतें; तें निवल्यावर परत येतें, म्हणून त्याची फारशी चिंता नको. चिंता आहे ती त्याच्या हट्टाची, म्हणजे उलट दिशेच्या चुंबकीय रेट्यास न जुमानण्याच्या गुणाची. हा हट्ट दर अंशास शेंकडा सुमारें ०.६ नें, म्हणजे पांचपट वेगानें, ढळतो. मोटरच्या वेटोळ्यांतील प्रवाह तर चुंबकावर असा उलटा रेटा वारंवार देत असतो. तापलेल्या चुंबकांतील कांहीं कण त्यापुढें मान तुकवून तोंड फिरवितात, आणि निवल्यावरहि पूर्ववत् होत नाहींत. मग प्रबल क्षेत्रांत घालून चुंबक पुन्हां भारावा लागतो. पातळ चकतीची गत आणखी वाईट, कारण तिचें स्वतःचेंच क्षेत्र तिच्या उलट जातें. म्हणून साध्या वाणास ८० अंश ही मर्यादा सांगतात; मोटरच्या पोटांत १५० अंशहि होऊं शकतात.

उपाय दोन. समेरियम-कोबाल्टचा चुंबक ३०० अंशांच्या आसपासहि टिकतो, पण तो महाग आणि बळानें उणा. दुसरा उपाय निओडिमियमच्या जागीं थोडें डिस्प्रोशियम घालण्याचा. त्यानें हट्ट वाढतो. परंतु डिस्प्रोशियमच्या अणूंचीं तोंडें लोखंडाच्या विरुद्ध वळत असल्यानें बळ घटतें. यास्तव कुशल कारागीर तें सर्वत्र न मिसळतां कणांच्या कडेकडेनेंच मुरवितात. त्यांत तें दुर्मिळ, आणि बहुतांशीं चीनमधून येणारें. ४ एप्रिल २०२५ रोजीं चीननें समेरियम, डिस्प्रोशियम इत्यादि सात धातूंच्या व संबंधित चुंबकांच्या निर्यातीस परवाना आवश्यक केला, तेव्हां भारतासह अनेक देशांतील मोटारगाड्यांच्या कारखान्यांस चुंबकांची चणचण भासली.

कांहीं मोटरींत आतां तेल खेळवून आंतला भाग थंड ठेवितात. चुंबक जितका थंड राहील, तितकें डिस्प्रोशियम कमी लागतें.