ओपन गेली, मैदान राहिलं! नऊ होलच्या जुन्या गोल्फ मैदानाची गोष्ट

मंद्रूप : गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उंच कुंपण, गेटवर वॉचमन, आत हिरवंगार गवत आणि टोपी घातलेले साहेब. मंद्रूपसारख्या गावात तर टीव्हीवर गोल्फ लागला, की रिमोट हातात घेऊन चॅनेल बदललं जातं. हा आपला खेळ नव्हे, असं आपण कधीच ठरवून टाकलं आहे.

पण हा खेळ वाढला तो गावाच्या मोकळ्या जमिनीवर. आपल्याकडे जसं गायरान असतं, जिथे गुरं चरतात आणि संध्याकाळी पोरं स्टंप रोवतात, तशाच जागेवर. अशा जागेचं एक जुनं उदाहरण स्कॉटलंडमधल्या मसलबरा या छोट्या शहरात आजही आहे. फक्त नऊ होलचं मैदान, आणि त्याच्याभोवती घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. जगातली सर्वांत जुनी गोल्फ स्पर्धा इथे सहा वेळा झाली, मग निघून गेली. मोठे क्लबही गेले. मैदान मात्र जागेवरच राहिलं. ते कसं, हे समजून घेऊ.

हे मैदान कुठे आहे?

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा. तिथून पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर, एस्क नदी समुद्राला मिळते तिथे मसलबरा वसलं आहे. शेजारी फिशरो हे कोळ्यांचं बंदर. शहर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूमिश्रित जमिनीचा एक पट्टा आहे. अशा पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात.

ही जमीन नांगराला निरुपयोगी. वाळू जास्त, त्यामुळे पीक येत नाही. पण पाणी झटकन मुरतं आणि आखूड, चिवट गवत उगवतं. मेंढ्या आणि ससे ते गवत खाऊन आणखी आखूड करतात. चेंडू घरंगळायला याहून चांगली जागा कोणती? गवत कापायचं यंत्र येण्याआधी गोल्फ मैदानाची निगा राखायचं काम मेंढ्याच करत होत्या.

जमीन कुणाच्या मालकीची?

या गोष्टीचा गाभा इथेच आहे. लिंक्स कुणा जमीनदाराची नव्हती, कुठल्या क्लबचीही नव्हती. ती शहराची सामायिक जमीन होती. स्कॉटलंडमध्ये अशा मालमत्तेला ‘कॉमन गुड’ म्हणजे सर्वांच्या भल्याची मालमत्ता म्हणतात. तिचं उत्पन्न शहराच्या सामायिक हितासाठीच वापरावं, असा कायदा तिथे १४९१ मध्ये झाला.

त्यामुळे लिंक्सवर गोल्फ खेळायला कुणाचं सभासदत्व लागत नव्हतं. वकील खेळे, दुकानदार खेळे, कोळीही खेळे. १८१६ मध्ये याच जमिनीवर घोड्यांच्या शर्यतीही सुरू झाल्या. गोल्फवाल्यांना मग शर्यतीच्या ट्रॅकमध्येच खेळावं लागलं. आजही तसंच आहे.

इथे गोल्फ नेमका कधी सुरू झाला?

स्कॉटलंडमध्ये गोल्फ किती लोकप्रिय होता, हे त्याच्यावरच्या बंदीवरूनच कळतं. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ आणि फुटबॉल खेळत बसतात, म्हणून १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने दोन्ही खेळांवर बंदी घातली.

मसलबऱ्यात मेरी राणी १५६७ मध्ये खेळली, असं परंपरेने सांगितलं जातं. मात्र त्याला त्या काळातला लेखी पुरावा नाही. पक्का पुरावा मिळतो तो १६७२ चा, आणि तो सापडतो एका खर्चाच्या वहीत. एडिनबराचे वकील सर जॉन फाउलिस रोजचा खर्च बारकाईने लिहून ठेवत. त्या वर्षी २ मार्चला मसलबऱ्यात गोल्फमध्ये पैज हरल्याची नोंद त्यांनी केली आहे. हरलेले पैसे लिहून ठेवायची सवय इतिहासाला अशी उपयोगी पडली!

या नोंदीच्या आधारे गिनेस बुकने मसलबराला जगातलं सर्वांत जुनं गोल्फ मैदान म्हणून मान्यता दिली. सेंट अँड्र्यूजचे चाहते ते मानत नाहीत. तो वाद चालूच राहील.

होल नऊच का?

गोल्फमध्ये ‘होल’ या शब्दाचे दोन अर्थ. एक, जमिनीतलं ते छोटं भोक, ज्यात चेंडू घालायचा. दुसरा, चेंडू पहिल्यांदा मारायची जागा ते ते भोक, हा सगळा टप्पा. आज पूर्ण मैदान १८ होलचं समजलं जातं. लहान मैदानं नऊ होलची असतात.

पण सुरुवातीला आकडा ठरलेला नव्हता. जमीन जेवढी, तेवढे होल. एडिनबराजवळच्या लीथला पाच होते. प्रेस्टविकला बारा. सेंट अँड्र्यूजला फेरी २२ होलची होती, ती १७६४ मध्ये १८ ची झाली आणि पुढे तोच आकडा जगाने उचलला.

मसलबऱ्यात आधी सात होल होते. आठवा १८३२ मध्ये आला, नववा १८७० मध्ये. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला समुद्र. त्यापुढे वाढायला जागा नव्हती. आकडा नऊवरच थांबला.

भोकाचं माप मात्र मसलबऱ्याचंच जगभर गेलं, असं मानलं जातं. भोक पाडायचं १८२९ सालचं एक हत्यार तिथल्या क्लबने जपून ठेवलं आहे. त्याने पडणारं भोक सव्वाचार इंच व्यासाचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हेच माप नियमात आलं. आज जगातल्या कोणत्याही मैदानावर भोक सव्वाचार इंचाचंच असतं.

कोळिणीही गोल्फ खेळायच्या?

हो. फिशरोच्या कोळिणी माशांच्या जड टोपल्या पाठीवर घेऊन एडिनबराच्या बाजारात चालत जायच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या धर्मगुरूंनी परगण्याची माहिती लिहिताना एक गोष्ट नोंदवून ठेवली: या बायका सुटीच्या दिवशी गोल्फ खेळतात. शिवाय वर्षातून एकदा लग्न झालेल्या विरुद्ध लग्न न झालेल्या असा त्यांचा फुटबॉल सामना होतो आणि दर वेळी लग्न झालेल्याच जिंकतात!

डिसेंबर १८१० मध्ये मसलबऱ्याच्या गोल्फ क्लबने या कोळिणींसाठी स्पर्धा घ्यायचा ठराव केला. पहिलं बक्षीस माशांची नवी टोपली, त्याखालचं बक्षीस रेशमी रुमाल. महिलांच्या गोल्फ स्पर्धेची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. पुढे जगातल्या कित्येक क्लबांनी शंभर-दीडशे वर्षं बायकांना दारातच थांबवलं. सामायिक जमिनीवर मात्र टोपली खाली ठेवून काठी हातात घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

ओपन स्पर्धा इथे कशी आली?

सुरुवातीचा चेंडू चामड्याचा असायचा. आत उकडलेली पिसं ठासून भरायची. कुशल कारागीर दिवसाला तीन-चार चेंडू करी, म्हणून तो महाग. मसलबऱ्याचं गुर्ली कुटुंब या चेंडूंसाठी प्रसिद्ध होतं. १८४८ च्या सुमारास आग्नेय आशियातल्या झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, चेंडू बनू लागले. ते स्वस्त होते आणि टिकायचेही. त्यामुळे खेळणारे भराभर वाढले.

१८६० मध्ये प्रेस्टविकला ओपन स्पर्धा सुरू झाली. १८७२ पासून तीन क्लबांनी ती मिळून भरवायचं ठरवलं. त्यांपैकी एक होता एडिनबराच्या गोल्फपटूंचा मानाचा क्लब. तो १८३६ मध्ये लीथहून मसलबऱ्याला आला होता. त्यामुळे १८७४, १८७७, १८८०, १८८३, १८८६ आणि १८८९ अशी सहा वेळा ओपन मसलबऱ्यात झाली.

तेव्हा स्पर्धा एका दिवसात ३६ होलची. हिशेब सोपा होता. प्रेस्टविकला बाराच्या तीन फेऱ्या, सेंट अँड्र्यूजला अठराच्या दोन, मसलबऱ्यात नऊच्या चार.

या छोट्या शहराने विजेते किती दिले? पाच खेळाडू, मिळून ११ विजेतेपदं. विली पार्क चार वेळा जिंकला, त्यात १८६० ची पहिलीच ओपनही आली. त्याचा भाऊ मंगो एकदा आणि मुलगा विली ज्युनिअर दोनदा जिंकला. बॉब फर्ग्युसन सलग तीन वेळा जिंकला. डेव्हिड ब्राउन हा तर घरांच्या छपरांवर पाटीचे दगड बसवणारा कामगार. ही बंगल्यातली माणसं नव्हती. घराजवळच्या मैदानावर लहानपणापासून खेळायला मिळालं, हेच त्यांचं भांडवल.

मग ओपन गेली का?

गर्दी. १८७० च्या दशकापर्यंत चार क्लब याच नऊ होलवर खेळत होते. त्यात गावकरी, त्यात घोड्यांच्या शर्यती. १८८९ ची ओपन नोव्हेंबरात झाली. दिवस लहान, खेळाडू जास्त. शेवटचे खेळाडू अंधार पडल्यावर रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात खेळ संपवत होते.

१८९१ मध्ये एडिनबराच्या मानाच्या क्लबने पूर्वेला म्यूरफील्ड इथे स्वतःचं खासगी मैदान केलं आणि जाताना ओपनही नेली. १८९२ ची ओपन तिथेच झाली, ७२ होलची. मसलबऱ्याचे लोक चिडले. त्यांनी त्याच वर्षी वेगळी स्पर्धा भरवली. उपयोग झाला नाही. ओपन परत आली नाही. पुढच्या काही दशकांत उरलेले तीन क्लबही आपापल्या नव्या मैदानांवर गेले.

खासगी मैदान असतं, तर मालकाने इथे घरं बांधली असती. पण ही जमीन शहराची होती. क्लबला जाताना ती बरोबर नेता येणार नव्हती आणि विकताही येणार नव्हती. आज स्थानिक कौन्सिलकडे या जमिनीची जबाबदारी आहे. शर्यतीचा दिवस नसेल, तर फी भरून कुणीही खेळू शकतं. जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्याच्या काठ्याही भाड्याने मिळतात.

आपल्याकडे हा खेळ कुंपणाआड का गेला?

भारतात गोल्फ इंग्रजांबरोबर आला. कोलकात्याचा क्लब १८२९ चा. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना समजला जातो. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. म्हणजे प्रेस्टविकच्या पहिल्या ओपनच्या १८ वर्षं आधी मुंबईत गोल्फ होता. पण इथे तो साहेबांच्या क्लबांत आणि छावण्यांत वाढला. भारतीयांना बरोबरीने सभासदत्व देणारा विलिंग्डन क्लब मुंबईत १९१८ मध्ये निघाला, तेव्हा ती मोठी बातमी होती. स्कॉटलंडमध्ये गावाच्या जमिनीवर वाढलेला खेळ आपल्यापर्यंत पोहोचला तो कुंपणासकट.

यात मंद्रूपच्या वाचकाने काय पाहायचं?

गोल्फ शिकायला हवा, असं मुळीच नाही. पाहायची ती जमीन. गायरान, गावठाणालगतचं मैदान, यात्रेची जागा यांना आपण ‘मोकळी’ म्हणतो, म्हणून त्या कुणाच्याच नाहीत असं वाटतं. प्रत्यक्षात त्या सगळ्यांच्या असतात. सार्वजनिक वापराच्या गावजमिनींवरची अतिक्रमणं काढावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्व राज्यांना दिला. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनेही गायरानांबाबत निर्णय काढला.

आपल्या गावच्या गायरानाचा गट क्रमांक माहीत असेल, तर त्याचा सातबारा मोबाइलवर पाहता येतो. क्षेत्र किती आणि नोंद कशी आहे, हे एकदा पाहून ठेवा. ग्रामसभेत विषय निघेल तेव्हा हातात कागद असलेला बरा.

मसलबऱ्याची जमीन १६७२ मध्ये कुणा वकिलाने पैज हरण्यापुरती होती. कागदावर ती शहराची राहिली, म्हणून आज साडेतीनशे वर्षांनंतरही तिथे कुणीतरी पैज हरतं आहे.